एका कपाटासाठी दोन लायब्रऱ्या

२ जानेवारी
राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवला. सुटलो! आता स्वतःचं कॅड सॉफ्टवेअर. मेहुण्याचा फर्निचरचा कारखाना आहे, त्याला कपाटांची डिझाइन्स काढून देणारं. बायकोनं सहा महिने दिलेत. ३० जूनला स्क्रीनवर कपाट दिसलं नाही, तर मुकाट्यानं परत नोकरी. सहा कशाला, मला तीन पुरेत. दोनच तर लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले आयते कोड, निवडायच्यात: एक आकार घडवणारी, दुसरी तो स्क्रीनवर दाखवणारी. उद्या दुपारपर्यंत उरकतो.

१९ जानेवारी
उरकलं नाही. घाई बरी नव्हे. तुलनेचा तक्ता केलाय. एकवीस लायब्रऱ्या, चाळीस रकाने. इतका देखणा झालाय की बायकोला दाखवला. तिनं विचारलं, यात कपाट कुठल्या रकान्यात आहे? टेक्निकल माणूस नसला की असं होतं.

७ मार्च, सकाळ
आकारवाली पक्की! फुकट आणि दणकट. मॅन्युअल मात्र कुणीतरी सूड उगवायला लिहिलंय.

७ मार्च, संध्याकाळ
दाराचा कोपरा गोल करायला गेलो. अख्खं दारच गायब. लायब्ररी रद्द.

२२ एप्रिल
नवीन लायब्ररी. हिच्यात कोपरा गोल होतो, पण ड्रॉवरसाठी खाच पडत नाही. मेहुण्याचा फोन. म्हणाला, दाजी, कोपरे चौकोनी चालतील. अरे, मला नाही ना चालत! नुसता वैताग.

११ जून
पहिल्याच लायब्ररीकडे परत. दारं चौकोनीच ठेवली. दाखवणारी अजून निवडायचीय. रात्री तीनला आपोआप जाग येते. उत्साहानं येत असणार.

३० जून
डेमो. बायको, सासूबाई, मेहुणा समोर. बटण दाबलं. स्क्रीनभर तपकिरी रंग, बाकी काही नाही. आकारवाली मिलिमीटरमध्ये मोजते, दाखवणारी तेच आकडे मीटर समजते. कपाट झालं दोन किलोमीटर उंच. शांतपणे समजावलं की कपाट आहे, आपण त्याच्या आत आहोत. मेहुणा म्हणाला, रंग छान आलाय. सासूबाईंनी बाहेर पडायचं दार विचारलं. बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तेच लागलं.

१ जुलै
नोकरी परत मागायला ऑफिसात गेलो. रस्ताभर वाक्यं घोकली. साहेब म्हणाले, परत कसली? राजीनामा त्यांनी पुढे पाठवलाच नव्हता. बायकोनं २ जानेवारीच्याच संध्याकाळी फोन करून, हातापाया पडून, बिनपगारी रजा मागून घेतली होती. बरोबर ३० जूनपर्यंत.

फाइलमध्ये तिनं नंतर पाठवलेला अर्ज पाहिला. अक्षर तिचं. रजेचं कारण: घरी सुतारकाम.