धोतरात रिव्हॉल्वर कुठे ठेवावं

प्रताप नगर, नागपूर
१६ सप्टेंबर १९७३

प्रिय चंद्रभान,

तुला देवरावचा मनापासून जयभीम. वच्छलावहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद आणि तुझ्या उजव्या गुडघ्याची खास चौकशी. आमच्याकडे सगळं ठीक आहे. माझी प्रकृतीही उत्तम आहे, फक्त महिनाभरापासून डावीकडे झुकून चालायची सवय लागली आहे, त्याचं कारण पुढे येईलच. तुझं गेल्या महिन्यातलं पत्र मिळालं. जबलपूरची नोकरी पक्की झाली, क्वार्टर मिळालं, म्हणून आता माझ्या घराला लागून असलेला तुझा प्लॉट विकून टाकावा असं तू म्हणतोस, आणि त्यासाठी गिऱ्हाईक शोधण्याचं काम माझ्यावरच टाकतोस. (सावनेरच्या शाळेतही स्वतःच्या छड्या मलाच मोजायला सांगायचास.) बघतो. पण आधी माझी अडचण ऐक, कारण ती पलटणीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसालाच कळेल. मला रिव्हॉल्वर घ्यायचं आहे.

हसून घे, मी थांबतो. तुझ्या घरात बुद्धवंदना आणि हातात पंधरा वर्षं बंदूक. माझ्या घरात आठ हातांत आठ शस्त्रं घेतलेली देवी, आणि माझ्या हातात आजवर लिहिण्याच्या टाकाशिवाय काही आलं नाही. तरी वेळ आली आहे. आपण दोघांनी एकाच दिवशी, एकाच टांग्यातून येऊन हे प्लॉट घेतले. मी घर बांधलं आणि तू जबलपूरला गेलास. आता ह्या लेआउटमध्ये प्लॉट चाळीस आणि घर एक, ते माझं. सगळ्यात जवळचं घर दोन फर्लांगांवर आहे आणि तेही आमच्याकडे पाठ करून बांधलेलं. कौसल्या दिवसभर एकटी असते. साखर डब्यात भरलेली आहे, पण मागायला कोणी पाहिजे, असं ती म्हणते. दिवाळीपर्यंत शेजारी कोणी राहायला आलं नाही, तर घर भाड्यानं देऊन सरळ सावनेरला परत जायचं, असं तिनं मला जेवताना सांगितलं आहे. जेवताना सांगितलेलं ती बदलत नाही हे तुला ठाऊक आहेच.

त्यात ते नाल्याजवळचं प्रकरण झालं. मी ऑफिसातून येऊन बसमधून उतरलो, दिवेलागणीची वेळ, आणि नाल्याच्या पुलावर तिघं जण बसलेले. एकानं विचारलं, बाबूजी, माचिस है क्या. चंद्रभान, माझ्याकडे माचिस नव्हती, म्हणून मी त्यांना छत्री, चष्मा आणि जेवणाचा डबा दिला आणि घरापर्यंत पळत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही वस्तू आमच्या फाटकावर ठेवलेल्या होत्या. डबा घासलेला होता. ते वीटभट्टीवरचे मजूर निघाले. पण कौसल्याचं म्हणणं असं, की हे भले निघाले, उद्याचे निघतील कशावरून, आणि तिच्या बोलण्यात तथ्य आहे. शिवाय दर वेळी डबा परत मिळेलच असं नाही.

म्हणून पुढच्या शनिवारी सीताबर्डीवर बंदुकांचं दुकान आहे तिथे गेलो. नुसतं बघायला, कारण परवान्याच्या अर्जात कोणतं शस्त्र पाहिजे ते लिहावं लागतं. दुकानदार भला माणूस. रोज सोबत नेता येईल असं काहीतरी लहानसं दाखवा म्हटल्यावर त्यानं तीन काढून मखमलीवर मांडली, कासार बांगड्या मांडतो तशी. पिस्तुलात म्हणे गोळ्या मुठीत भरतात आणि आधी एक खटका सरकवावा लागतो. घाईत तो विसरला तर चोर आठवण करून देत नाही. रिव्हॉल्वर साधं, सहा घरं फिरतात, घोडा ओढला की काम. पहिल्यांदा घेणाऱ्यानं हेच घ्यावं. आखूड नळीचं लपतं पण नेम चुकतो, लांब नळीचं नेम धरतं पण बसताना टोचतं. मी विचारलं मधलं काही आहे का. (धोतरजोडी घेतानाही मी हेच विचारतो.) मग त्यानं रिकामं असल्याची तीनदा खात्री करून एक माझ्या हातात दिलं. आता नवी वस्तू हातात आली की आधी कपाळाला लावायची ही आईची शिकवण, वही असो की फाळ असो. मी दोन्ही हातांनी घेतलं आणि नळीसकट कपाळाला लावलं. दुकानदार गादीवरून उठून उभाच राहिला. तीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक पाहिलं नाही म्हणाला, मला पाणी दिलं आणि स्वतःही प्यायला.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं मुद्द्याचा प्रश्न विचारला, की हे ठेवणार कुठे. त्याच्याकडे चामड्याची म्यानं होती ती सगळी पट्ट्यात अडकवायची, आणि पट्टा पॅन्टीला लागतो. सरकारी ऑफिसात धोतर नेसणारे आता आम्ही दोघंच उरलो आहोत, आणि दुसरे डिसेंबरात रिटायर होतात. तेव्हा दुकानदारानं सल्ला दिला, की घेण्याआधी आठ दिवस तेवढ्याच वजनाची वस्तू अंगावर बाळगून बघा, झेपलं तर परवाना घेऊन या. घरी येऊन आम्ही वजनं करून पाहिली. खलबत्त्यातला बत्ता अगदी बरोबर बसला. सोमवारी मी बत्ता धोतराच्या कमरेला खोचून ऑफिसात गेलो. अकरा वाजेपर्यंत टिकला. मग साहेबांपुढे फाईल ठेवायला वाकलो तेव्हा बत्ता धोतराच्या आतून घरंगळत खाली आला आणि साहेबांच्या बुटावर पडला. साहेबांनी तो उचलला, दोन्हीकडून पाहिला आणि शांतपणे विचारलं, देवराव, घरी काही भांडण आहे का. मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला असं वाटत नाही.

मग श्रीधर शिंप्याकडून बंडीला आतून, डाव्या बगलेखाली, जाड कापडाचा चोरखिसा शिवून घेतला. बत्ता पडायचा थांबला, पण त्याच्या वजनानं मी डावीकडे झुकायला लागलो. ऑफिसात अर्धांगाचा झटका येऊन गेला अशी बातमी पसरली. बडे बाबूंनी स्वतःहून माझ्या रजेचा अर्ज लिहून आणला, आणि जो माणूस गेली सहा वर्षं माझ्याशी बोलत नव्हता तो कबुतराचं तेल घेऊन आला. इकडे आमच्या घरी आठ दिवस मसाला कुटला गेला नाही, आणि कौसल्याची वांग्याची भाजी बिनमसाल्याची खाताना मला पहिल्यांदा वाटलं की चोरांनी नेलं तर नेऊ द्यावं.

खरी परीक्षा तर पुढे होती. वेळेवर काढता आलं पाहिजे ना गा. कौसल्या चुलीपुढे भाकरी टाकून बसली, तिनं “चोर आला” म्हणायचं आणि मी बत्ता काढायचा. आधी कोटाची चार बटनं, मग सदरा वर करायचा, तो धोतरात खोचलेला, मग बंडीचे बंद सोडायचे, मग चोरखिशाचं बटन (ते मीच लावायला सांगितलं होतं, पडू नये म्हणून). बत्ता हातात आला तेव्हा भाकरी दोन्हीकडून भाजून, फुगून, टोपल्यात गेली होती आणि दुसरी तव्यावर होती. कौसल्या म्हणाली, “चोराले पाट टाकून देऊ काय? जेवूनच जाईन तो.” मी तिला म्हटलं, शस्त्राचा खरा उपयोग धाक बसण्यात असतो. ती म्हणाली, मग बत्ता काय वाईट आहे.

तरी मी हार मानली नाही, अर्ज केला. पंधरा दिवसांनी चौकशीला स्वतः फौजदार आले. उंच, भारदस्त, मिशा अशा की बघूनच धाक बसावा. मी त्यांना इथली परिस्थिती जरा रंगवून सांगितली. फौजदारांनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, तुमच्या वर्तणुकीबद्दल दोन शेजाऱ्यांचे जबाब लागतील. मी खिडकी उघडून दिली. त्यांनी खिडकीतून एकदा चारी बाजूंना पाहिलं आणि वही मिटली. आता तूच सांग, शेजारी असते तर मला रिव्हॉल्वर कशाला लागलं असतं, आणि रिव्हॉल्वर पाहिजे तर म्हणतात शेजारी दाखवा. शेवटी मी सांगितलं, शेजारी आहे, चंद्रभान म्हणून, सध्या जबलपूरला असतो. फौजदारांनी मान हलवली, चहा प्यायले, गच्चीवर जाऊन आले, हवा छान आहे म्हणाले आणि गेले.

तर माझं मागणं एवढंच आहे. मी देवरावचा शेजारी असून तो सज्जन आहे, शांत आहे, पण प्रसंग पडला तर गोळी झाडू शकेल असा आहे, असा जबाब सही करून पाठव. शेवटचं वाक्य तुला जड जाईल, पण चाळीस वर्षांच्या दोस्तीखातर लिही. दुसरा शेजारी मी शोधतो आहे. आणि जबाब खरा ठरायचा तर तू शेजारी राहिला पाहिजेस, म्हणून हे प्रकरण निकाली लागेपर्यंत प्लॉट विकण्याची घाई करू नको. वहिनींना सांग, ह्या वर्षी संत्र्याचा बहार चांगला आहे.

तुझाच,
देवराव

ता. क. परवाना एकदा मिळाला म्हणजे संपलं असं नाही. तो दर काही वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो, आणि प्रत्येक वेळी शेजाऱ्याला विचारतात असं मी ऐकलं आहे. मी आता पन्नासचा. म्हणजे अजून वीसेक वर्षं तरी प्लॉट तुझ्या नावावर असलेला बरा.

आणखी ता. क. गिऱ्हाईकाचं लिहायचं राहिलं. अजून कोणी फिरकलेलं नाही. जमीन काळी आहे ना, भिंतींना तडे जातील म्हणून लोक भितात.

भाऊजी, मी कौसल्या. यायनं पत्र पाकिटात घालाले माह्याजवळ देलं, तं मी वाचलं. एक गोष्ट यायनं लिहिलीच नाही. फौजदार गच्चीवरून खाली आले अन् तुमचा प्लॉट दाखवून म्हणाले, हा कोणाचा हाये, मले घर बांधाचं हाये, उद्याच सौदा करतो. पोलिसाचा माणूस, घरात दोन बंदुका, तीन दांडगे पोरं. मी देवापुढं साखर ठेवाले उठलीच होती. तं हे म्हणाले, तो प्लॉट विकाचा नाही, तिथं आमचा चंद्रभान राहाले येणार हाये. फौजदारानं विचारलं कधी, तं हे म्हणाले दिवाळीले. मी यायले मागून म्हटलं, तुमाले एवढं भेव वाटते, अन् दारी आलेला पोलीस काहून परत धाडला जी? तं हे उठून इळ्याले धार लावाले बसले. तवापासून हे हापिसातून आले की इळा घेऊन तुमच्या प्लॉटवरचं गवत कापून राहिले. एकटेच, पार अंधार पडेपर्यंत. बत्ता बी सोबत नेत नाही. काल मी विचारलं, आता भेव नाही वाटत काय. तं म्हणाले, चंद्रभानच्या जागेत कायचं भेव?