निरोगी क्रमांक सत्तेचाळीस

४ मार्च, सोमवार. सकाळी १०

आजपासून वही. नवं आयुष्य वगैरे नव्हे, जुनंच उत्तम चाललंय. नोंद राहावी एवढंच.

मला आज निरोगी म्हणून निवडलं! विद्यापीठाचा अभ्यास आहे, अन्ननलिकेच्या कॅन्सरवर. उरुग्वेत आमच्याच बाजूला तो एवढा का होतो, ते शोधणार. एका रजिस्टरमध्ये आजारी, दुसऱ्यात धडधाकट. दोघांना तेच प्रश्न: माते, म्हणजे वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातून नळीने ओढायचा आपला पत्तीचा चहा, किती गरम पिता, सिगारेट किती, दारू किती, भाजलेलं मांस किती. मग फरक बघायचा. यानीना नावाची नर्स आली होती. ती म्हणाली, डॉन एल्बिओ, धडधाकट माणसं खरी नसतील तर आजाऱ्यांची माहितीही फुकट. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. साठ जणांत मी सत्तेचाळिसावा.

दर दुसऱ्या सोमवारी येणार, सहा महिने. एक थर्मास दिलाय, टोपणातच थर्मामीटर, शिवाय लुकलुकणारा हिरवा दिवा. त्या दिव्याबद्दल ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी तेव्हा भोपळ्यात मातेची पत्ती भरत होतो. ते काम अर्धवट सोडता येत नाही. हो हो म्हणालो, सही केली. तीस वर्षं बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. कागद कसा वाचायचा ते मला कुणी शिकवू नये.

रोज दोनच रकाने. पाण्याचं तापमान. गिळायला त्रास: होय / नाही.

त्याच दिवशी, दुपारी ३

थर्मामीटर बिघडलेला आहे. ब्याऐंशी दाखवतो. निबियाला दाखवला. ती म्हणाली, थर्मामीटर ठीक आहे म्हाताऱ्या, तूच बिघडलायस. बायको चाळीस वर्षं जुनी झाली की असं बोलते.

यानीना म्हणाली होती, पासष्टच्या वर घसा रोज भाजतो, रोज भरतो, आणि अशा भाजण्या-भरण्यातूनच कधीतरी काहीतरी वाकडं उगवतं असा संशय आहे. फॉर्मात साठ लिहिलं. साठ हा सभ्य आकडा आहे.

१७ मार्च, रविवार

आमच्या बोचाच्या क्लबात सर्टिफिकेट लावलं, 'निरोगी स्वयंसेवक'. खिळा माझा, हातोडी माझी.

खेळाचे गोळे टाकून झाल्यावर नेहमीची बैठक. मी ओततो, एकतीस वर्षं मीच ओततो. पहिला भोपळा ओतणाऱ्याने प्यायचा, सगळ्यात कडक तोच असतो, मग तोच भोपळा, तीच नळी, एकेकाकडे. ज्याला पुरे झालं त्याने ग्रासियास, म्हणजे आभार, म्हणायचं. ग्रासियास म्हटलं की त्याला पुन्हा मिळत नाही. औषधांच्या दुकानातून रिटायर झालेला आदेमार दुसऱ्याच फेरीला ग्रासियास म्हणतो. मी जन्मात कधी म्हटलेलं नाही. आदेमार म्हणाला, एल्बिओ, तू माते देत नाहीस, इंजिनाची वाफ देतोस. मी म्हणालो, कोमट माते पाय धुवायला बरा. सगळे हसले. आदेमारही हसला, पण उशिरा.

३१ मार्च, ईस्टर

मांस भाजलं. दुसरा तुकडा छातीच्या मधोमध थांबला. दोन थांब्यांच्या मध्ये बस उभी राहते तसा. पाणी प्यायलो, निघाला. चूक खाटकाची, म्हातारी गाय विकतो.

गिळायला त्रास: नाही. एकदा थांबणं म्हणजे त्रास नव्हे, उशीर.

७ एप्रिल

संकल्प: प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. आरोग्याची मूळ गुरुकिल्ली. लोक हे का करत नाहीत?

९ एप्रिल

बत्तीस वेळा चावल्यावर मांसात मांस राहत नाही. मांस सोडलं. स्वेच्छेने. निबियाला सांगितलं की नवीन संशोधन असं म्हणतं. ती म्हणाली, कुठलं संशोधन, सत्तेचाळीस नंबरवालं का?

१६ एप्रिल

पट्टा दोन भोकं आत आला. बोचाचा व्यायाम. या वयात असं शरीर कमावायला नशीब लागतं. निबियाने माझ्या विजारी कंबरेत आत घेतल्या. जास्तीचं कापड कापलं नाही, आत दुमडून ठेवलं. मला ते आवडलं नाही.

२९ एप्रिल, सोमवार

एकोणतीस तारीख म्हणजे न्योकी. बटाट्याचे मऊ गोळे, ताटाखाली नशिबाची नोट. यानीनाचाही आजच फेरा. तिला जेवायला बसवलं आणि तिच्यादेखत बावीस न्योकी खाल्ल्या. एकही थांबली नाही. (सोबत पाण्याचा जग होता. जग मोठा होता.) यानीना म्हणाली, डॉन एल्बिओ, वजन उतरलंय का तुमचं? मी म्हणालो, कमावलंय. ती हसली नाही. काट्यावर उभं केलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. तपासनीस कसं लिहितो ते मला चांगलं माहीत आहे.

ती गेल्यावर निबिया म्हणाली, सांगायचं होतंस की. काय सांगायचं? बावीस गेल्या!

१३ मे, सोमवार

आज यानीना येणार म्हणून कोंबड्यांच्या खुराड्यात काम काढलं. दार आपोआप लागलं. कडी बाहेरून आहे. ती मीच बसवली होती, कोल्ह्यासाठी.

यानीना आली ती थेट अंगणात बसली. निबियाने तिला माते दिला. एक तास वीस मिनिटं. मी खुराड्यात वाकून, डोक्यावर एक कोंबडी. हाक मारावी तर वजन करणार, न मारावी तर पाठ मोडणार. बायका माझ्याबद्दल बोलत नव्हत्या, यानीनाच्या लग्नाबद्दल बोलत होत्या, आणि हे सगळ्यात वाईट. शेवटी ढेकर आला, मग खोकला, मग कोंबड्यांनी आरडाओरडा केला. निबियाने कडी काढली आणि म्हणाली, ये बाहेर, कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही.

वजन आणखी तीन किलो कमी. यानीना म्हणाली, डॉक्टरकडे चला, मी नंबर लावते. मी म्हणालो, अभ्यास संपल्यावर. निरोगी माणूस मध्येच डॉक्टरकडे गेला तर तुमच्या आकड्यांचं काय? ती म्हणाली, आकड्यांचं मी बघते. मी दार उघडून धरलं. ती गेली.

२० मे

विचार केला. शांतपणे.

खरं सांगावं तर पहिल्यांदा साठ खोटं ठरणार. साठ खोटं ठरलं की ईस्टरपासूनचे सगळे 'नाही' खोटे. मग सत्तेचाळीस नंबर रद्द, सर्टिफिकेट खाली, थर्मास आदेमारच्या हातात. न सांगावं तर दर दुसऱ्या सोमवारी वजनकाटा. मधला थांबा कुठेच नाही. तिकीट नसलेले प्रवासी असेच बसायचे, खिडकीबाहेर बघत. मला वाटायचं बेफिकीर आहेत. बेफिकीर नव्हते.

पाण्याचं तापमान कमी करावं का? केलं. पंचाहत्तर. निबियाला पाजलं, तिची जीभ भाजली. मला काही लागलंच नाही. परत ब्याऐंशी.

मला भीती वाटते. (हे वाक्य खोडायचं.)

२९ मे, बुधवार

न्योकी. पाचवी थांबली. पाणी वर उभं राहिलं, तेही उतरेना. सिंकपाशी गेलो. निबिया मागून आली आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, चाळीस वर्षं तुझ्या ताटाकडे बघतेय एल्बिओ, आंधळी आहे का मी? महिनाभर सूप गाळून देतेय, तुला काय वाटलं, हौस आली मला? दहा तारखेला यानीना येईल, तू सांग, नाहीतर मी सांगते. मग तीच रडायला लागली आणि मला तिला पाणी द्यावं लागलं.

गिळायला त्रास: रकाना कोरा ठेवला. कोरा म्हणजे खोटं नव्हे.

२ जून, रविवार

क्लब. पहिला भोपळा माझा. ओढला. अर्धा गेला, अर्धा नाकातून परत आला, सगळ्यांसमोर, सर्टिफिकेटच्या बरोबर खाली. मी म्हणालो, पत्ती ओली होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आदेमारने माझ्या हातातून थर्मास घेतला, टोपण उघडून थोडा वेळ तसाच ठेवला आणि पुढच्याला ओतू लागला. एकतीस वर्षं, आणि एवढ्यात झालं. मला वाटलं होतं निदान भांडण होईल.

१० जून, सोमवार. सकाळी ११

सांगितलं. सरळ उभं राहून सांगितलं. यानीना, साठ खोटं आहे, ब्याऐंशी आहे, पहिल्या दिवसापासून. मला नंबरातून काढून टाका.

ती म्हणाली, माहितीय डॉन एल्बिओ. टोपणात सगळं साठतं. दर मिनिटाचं. तो हिरवा दिवा त्याचाच, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही सहीपण केलीत. गरमपणाबद्दल सगळेच थोडं खोटं बोलतात, किती खोटं बोलतात तेच तर बघायचं होतं. तुमचा आकडा सगळ्यात लांबचा आहे.

खुर्चीवर बसलो. म्हणजे हिने मार्चपासून मला बिनतिकीट पकडलेलं होतं आणि उतरवलं नव्हतं.

मग तिने विचारलं, आणि दुसरा रकाना? निबियाने तोंड उघडलं, तेव्हा मीच बोललो. होय. ईस्टरपासून. आधी मांस, मग भाकरी, मग न्योकी, आता पाणी.

यानीनाने पेन खाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की ती रागावली, मला कळलं नाही. म्हणाली, तापमान मोजायला टोपण पुरतं हो. घशातलं मोजायला आमच्याकडे काहीच नव्हतं. तेवढं एक फक्त तुम्ही सांगू शकत होतात. दहा आठवडे, डॉन एल्बिओ!

तिने माझ्या फोनवरूनच नंबर लावला.

१९ जून

डॉक्टर एचेवेरी. तिने घशातून नळी घातली. आयुष्यभर नळी मी ओढली, आज नळीने मला बघितलं.

२८ जून, शुक्रवार

आहे. खालच्या बाजूला, लहान. पसरलेलं नाही. मोंतेविदेओला ऑपरेशन, नऊ जुलै. डॉक्टर म्हणाली, दोन महिने आधी आला असतात तर सोपं होतं, दोन महिने उशिरा आला असतात तर मी काही बोललेच नसते. आत्ता मधलं आहे. मी विचारलं, मधलं म्हणजे किती? ती म्हणाली, मधलं.

निबियाने बसमध्ये माझा हात धरून ठेवला. तपासनीस आला तेव्हा तिकिटं तिनेच दाखवली.

१ जुलै

यानीना येऊन गेली. सत्तेचाळीस नंबर रद्द. आता मी दुसऱ्या रजिस्टरमध्ये, रुग्ण क्रमांक बारा. मी विचारलं, दोन्ही रजिस्टरमध्ये नाव असलेला आणखी कुणी आहे का? नाही म्हणाली. हे तरी लिहून ठेवावं.

७ जुलै, रविवार. संध्याकाळी ५

परवा ऑपरेशन. क्लब इकडेच आला, अंगणात. आदेमारने सर्टिफिकेट आणलं होतं, खिळ्यासकट. मी घेतलं नाही. तो म्हणाला, मग क्लबातच राहू दे, भिंतीला भोक पडलंय ते तरी झाकेल.

ओतलं त्यानेच. टोपणावरचा आकडा आधी मला दाखवला, साठ. हिरवा दिवा लुकलुकत होता. डॉक्टरने एक भोपळा चालेल म्हटलंय, घोट घोट. मी नळी ओठाला लावली, बेतानेच ओढलं. हळूहळू उतरलं.

कडू आहे. माते भयंकर कडू आहे! एकतीस वर्षं मी हे अख्ख्या क्लबाला पाजत होतो आणि मला एकदाही चव लागली नव्हती. निबियाला म्हणालो, हे असं लागतं? ती म्हणाली, तुला काय वाटलं होतं? मला काहीच वाटलं नव्हतं. गरम वाटलं होतं.

भोपळा परत केला. आदेमार हात पुढे करून थांबला, मी ग्रासियास म्हणतो का ते बघत.

म्हटलं नाही. पुढच्या फेरीला माझा भोपळा डॉक्टरच्या हुकुमाने निबियाने प्यायला, पण माझा नंबर वगळला नाही.

पाण्याचं तापमान: साठ.
गिळायला त्रास: होय.