माझ्या पुठ्ठ्यांकडे न बघणारा सूत्रसंचालक

सोमवार, ७ नोव्हेंबर १९८८
शनिवारी रात्री टीव्हीवर थेट दाखवल्या जाणाऱ्या आमच्या कार्यक्रमाची जोडी ठरली. सूत्रसंचालक — डेल हकाबी, मुष्टियोद्धा. पाहुणी गायिका — ओडेसा प्रूइट, चर्चमध्ये गाता गाता म्हातारी झालेली. वा! विनोदी कार्यक्रमाला एक ठोसेवाला आणि एक भजनवाली! गेल्या महिन्यात हवामान सांगणारे एक आजोबा होते आणि सोबत कर्कश पोरांचा बँड. लोक अजून ती जोडी आठवून हसतात म्हणे. लोकांना काय, काहीही आठवतं.

बुधवार, ९
टेबलाभोवती नाटुकल्यांचं वाचन. हकाबीसाहेब चष्मा हॉटेलात विसरले! त्यांच्या वाट्याचं सगळं प्रूइटबाईंनी वाचलं. गायिका कधी वाचनाला येत नाही. ही आली, वर त्याला चिकटून बसली. तो अठ्ठावीसचा, बाई साठीच्या. लाज म्हणून नाही.

शुक्रवार, ११
चौदा वर्षं ह्या स्टुडिओत पुठ्ठे लिहितोय. काळी शाई, तळहाताएवढं अक्षर. मी कॅमेऱ्याशेजारी धरायचे, बोलणाऱ्यानं वाचायचे. इतकं सोपं. आणि हा गृहस्थ माझ्या पुठ्ठ्यांकडे ढुंकूनही बघत नाही! बाई कॅमेऱ्यामागे उभ्या राहून ओठ हलवतात, आणि हा त्यांच्या तोंडाकडे बघत बोलतो.

आमची फ्लोअर मॅनेजर नॉर्मा, तिला सांगितलं की हे लफडं तालमीपुरतं ठीक, उद्या अख्खा देश बघणार आहे.

"वॉल्टर, तुझ्या नाकाला का मिरच्या झोंबतात?" म्हणाली.

झोंबतात! माझ्या कामाचा अपमान आहे हा. तासभर भुणभुण केली, तेव्हा कुठे ऐकलं तिनं. उद्या बाई आपल्या खोलीत बसतील. गाण्याच्या वेळेलाच बाहेर.

रविवार, १३, पहाट
झोप नाही. लिहून टाकतो.

रंगीत तालमीनंतर लेखकांनी सुरुवातीचं भाषण अख्खं बदललं. नेहमीचंच. मी घाईघाईनं नऊ पुठ्ठे लिहिले. हकाबी माझ्याकडे आला. मिस ओडेसा कुठे आहेत म्हणे. खोलीत आहेत, मी धरतो तेवढं वाचा, म्हटलं. तो आणखी काही बोलणार होता. मी पाठ फिरवली.

रात्रीचे साडेअकरा. टाळ्या. तो आला आणि पहिल्यांदाच माझ्या पुठ्ठ्याकडे बघितलं. आलास ना वळणावर! पण बोलेना. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तरी नाही. माझ्यापासून चार हातांवर होता. डोळे अक्षरांवरून नुसते घसरत होते. तेव्हा कळलं मला. इतक्या उशिरा!

मग तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "मला वाचता येत नाही."

हशा! लोक खुर्च्यांवरून उठले, लेखक एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले. तोही हसला थोडा. ओडेसा प्रूइट गाणार आहेत, एवढं सांगून आत गेला. पुढे बाई त्याच्याजवळून हलल्या नाहीत आणि त्यांना हटकायची कोणाची हिंमत झाली नाही.

सोमवार, १४
पेपरात छापून आलंय — मोसमातला सर्वांत मोठा विनोद, कायम लक्षात राहील अशी जोडी. नॉर्मानं कात्रण भिंतीवर लावलं.

एक लिहायचं राहिलं. शनिवारी निघताना हकाबीनं मला हळूच विचारलं, "पहिल्या पुठ्ठ्यावर काय होतं?"

"'नमस्कार. इथे येऊन फार आनंद झाला.'"

"एवढंच?" म्हणाला. मग माझा हात हातात घेऊन आभार मानले. बाईंना कोणी हटवलं, हे त्याला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही.