बागेतल्या वाटेबद्दल वॉल्टर पेग्लर याचे शेवटचे म्हणणे

मी, वॉल्टर पेग्लर, वय एक्याऐंशी, पेअरच्या बागेचा मालक, राहणार लिटल हॅडवेल, हे माझ्या हाताने लिहीत आहे. शाळा लवकर सुटली, तेव्हा अक्षराला हसू नये. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी सोमवारीच पाहिले. गोंधळ आहे तो फक्त वाटेबद्दल. याआधीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. चौथे सापडले तर तेही.

१. घर आणि बँकेत जे असेल ते माझ्या बहिणीचा मुलगा रॉजर याला. भिंतीवरचे घड्याळ त्याने दुरुस्त करू नये. किंवा करावे, मला आता काय त्याचे.

२. कलमे बांधायची सुरी, लांब शिडी आणि रस काढायचा चरक चर्चची बाग सांभाळणाऱ्या मंडळींना. शिडीची वरून तिसरी पायरी कच्ची आहे, हे देतानाच सांगावे.

३. बागही रॉजरलाच. पण तिच्यातून वाट जाते. चर्च आणि दुकान वरच्या आळीत, माणसे राहतात खालच्या आळीत. रस्त्याने गेले तर दीड मैल, माझ्या बागेतून पाच मिनिटे. आजोबांच्या वेळेपासून गाव तिथून चालते. नवऱ्या मुली गेल्या, बाबागाड्या गेल्या, शवपेट्या गेल्या. कायदा असा की लोक वीस वर्षे बिनअडथळा चालले तर वाट त्यांची होते. म्हणून वडील वर्षातून एक दिवस, फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी, फाटकाला कुलूप लावत. त्यांच्यामागे मी लावत आलो.

रॉजरला बाग विकायची आहे आणि घेणाऱ्याला तिच्यात परकी माणसे नको आहेत. रॉजर म्हणतो, "मामा, दरवर्षी न चुकता कुलूप लावलं, एवढं एकच वाक्य लिही. बास." मी लिहायला बसलोही होतो. पण माझी बायको आयव्ही शेवटच्या आजारात मला म्हणाली होती, "तू सहाला कुलूप लावून बाजाराला जायचास ना, ते मी सातला माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीने काढायची. आणि तू यायच्या आत परत लावायची."

एवढी वर्षे. मग फाटक बंद होते की उघडे? मी म्हणतो बंद, गावाला ते उघडेच दिसले. वकिलांना विचारले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, तुम्हाला माहीत आहे तेच लिहा. अहो, तेच तर माहीत नाही.

एक वर्ष मात्र पक्के आहे, १९७१. आयव्ही तिच्या बहिणीकडे गेली होती. त्याच मंगळवारी सिरिल हॅचरच्या वडिलांची शवपेटी खालून आली. मी बाजारात, किल्ली माझ्या खिशात. सहा माणसांनी पेटी गारठ्याच्या पावसातून रस्त्याने नेली. त्या दिवसापासून सिरिलने वाटेवर पाऊल ठेवलेले नाही. पंचवीस वर्षे तो दुखरा गुडघा घेऊन रस्त्याने चर्चला जातो.

४. फाटक बंद होते की उघडे, ते मला ठरवता येत नाही. म्हणून आता हे ठरवतो: वाट गावाची, कायमची. बाग कोणीही घेवो, वाट अडवू नये. फाटक बिजागऱ्यांसकट काढावे. रॉजर, राग माझ्यावर काढ, मामीवर नको.

५. साक्षीदार. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये. आता वाट मिळते सगळ्या गावाला, मग सही कोणी करायची? दोन दिवस मला जेवण गेले नाही. टपाल आणणाऱ्या डोरीन टूलीबाई दुसऱ्या गावच्या, गाडीने रस्त्याने येतात, त्या चालतील. गावात मात्र या वाटेचा उपयोग नसलेला माणूस एकच आहे.

म्हणून परवा मी सिरिलकडे गेलो, रस्त्याने. पाऊण तास लागला. त्याने आत ये म्हटले नाही.

"किल्ली अजून खिशातच आहे का?" त्याने विचारले. मी आहे म्हणालो आणि सगळे सांगितले.

"म्हणजे मी तुझ्या वाटेवर पाय ठेवत नाही, म्हणून मी तुझ्या कामाचा."

मी हो म्हणालो.

"आणि सही कशाची करायची? तू चांगला माणूस आहेस याची?"

"नाही. मी शुद्धीत आहे याची."

"ते तर आणखी अवघड," तो म्हणाला. गुरुवारी अकराला चहा तयार ठेव, असे सांगून त्याने दार लावले.

६. सिरिलला मी दाराजवळचे जुने झाड दिले असते. साक्षीदाराला देता येत नाही. म्हणून फक्त लिहून ठेवतो की त्या मंगळवारी चूक माझी होती. हे त्या वेळीच म्हणायला हवे होते.

लिटल हॅडवेल, गुरुवार, १० ऑक्टोबर १९९६.
सही: वॉल्टर पेग्लर

साक्षीदार पहिली: वरील सही माझ्यादेखत झाली. डोरीन टूली.

साक्षीदार दुसरा: सही माझ्याही देखत झाली. कागद मी पूर्ण वाचला, सहावे कलम दोनदा. वॉल्टर शुद्धीत आहे, निदान नेहमीइतका. येताना मी रस्त्याने आलो. सही करून झाली आहे, तेव्हा घरी कसा जाईन तो माझा प्रश्न. सिरिल हॅचर.