पहिलं जाळं

ती. इंदुबाईस,

धाकट्या भावाचा, हेमराजचा, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? बल्लारपूरच्या धुळीत भाऊजींचा खोकला कमी झाला का? (झाला नसेल तर कळव, तुझ्या भावजयीने, दुर्गाने, अडुळशाचा पाला वाळवून ठेवला आहे.) फोनच करणार होतो, पण तू "हां, बोल" म्हणतेस आणि मला काही सुचत नाही.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. घर ठीक आहे. तलाव घरापेक्षा बरा आहे. बाबांनी मच्छीमार सोसायटीकडून तीन पावसाळे मासेमारी बंद करून घेतली, पाण्यात माजलेली बेशरमाची झुडपं उपटायला लावली, तेव्हा लोक त्यांना काय काय बोलले ते तुला ठाऊक आहे. यंदा मरळ माशाची पिल्लं लाल घोळक्याने काठाशी फिरत होती. (मी रोज बघायला जायचो. बाबांची ती बघायची राहून गेली.) पाणकावळेही परत आले. पण सोसायटीतले गुणवंतराव म्हणतात, मासे पाणकावळ्यांना दिसून काय उपयोग, जाळ्यात दिसले पाहिजेत. पहिलं जाळं रिकामं आलं तर तलाव ठेकेदाराला द्यायचा आणि त्याने बाहेरचं मत्स्यबीज सोडायचं, असं सभेत ठरवून घेतलं त्यांनी. मग आपली मरळ काही राहत नाही.

पहिलं जाळं बंदी घालणाऱ्याच्या घरचं, ही आपल्याकडची रीत. सगळे माझ्याकडे बघू लागले. मला जाळं फेकता येत नाही, हे सांगायला मी उभा राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बसलो.

मग अंगणात सराव केला. आधी तुळस सापडली, नंतर शेजारची कोंबडी. (त्या घराशी दुर्गाचं बोलणं अजून बंद आहे.) ठरल्या दिवशी अख्खं गाव तलावाच्या पाळीवर जमलं. फेकजाळ्याची एक कड दातात धरायची आणि हात सुटले की तोंडही उघडायचं, अशी पद्धत आहे. हात सुटले. तोंड उघडायचं राहिलं. जाळं पाण्यात गेलं आणि मागोमाग मीही गेलो. मला बाहेर गुणवंतरावांनीच काढलं, हे लिहायलाच हवं. जाळ्यात माझा चष्मा निघाला.

सोसायटीचे अध्यक्ष डोमाभाऊ एवढंच म्हणाले, "मीटिंगमंदी तोंड उघडत नाई तं नाई, इथी तरी उघडाचं होतं ना बापा."

मी वळणापलीकडे जाईपर्यंत कोणी हसलं नाही. बाबांचं वर्ष व्हायचं आहे, म्हणून.

गुणवंतरावांच्या मते जाळं रिकामं आलं. डोमाभाऊंच्या मते जे उघडलंच नाही त्याला रिकामं म्हणता येत नाही. बराच वाद होऊन शेवटी येत्या रविवारी याच घरचं आणखी एक जाळं, तेही शेवटचं, असं ठरलं. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
हेमराज

ता. क. – बाबांनी जाळं तुला शिकवलं होतं, मला नाही. तू शनिवारच्या गाडीने ये. बाईमाणसाने पहिलं जाळं टाकायचं नसतं, असा मुद्दा निघाला होता. डोमाभाऊ म्हणाले, रीत घराची हाये, माणसाची नाई.

पुन्हा ता. क. – तू येतेस, असं मी सभेत उभं राहून सांगून टाकलं आहे. त्यावेळी टाळ्या वाजल्या नाहीत, त्यामुळे पूर्ण बोलता आलं. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन म्हण.