दारात नसलेली तुळस

बाई,

तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली म्हणून मी माघार घेईन असं समजू नका. तुम्ही वर्गात होतात तेव्हा माझी हिंमत नव्हती, आता आहे. गेल्या आठवड्यात शाळेतून फोन आला. शाळेला पंचाहत्तर वर्षं होतायत, स्मरणिका निघतेय, त्यात तुमच्यासाठी दोन पानं ठेवली आहेत. एका पानावर तुमचा फोटो, समोर माझा आठवीतला बक्षीस मिळालेला निबंध, 'माझं घर'. जसाच्या तसा. "बाईंचा सगळ्यात लाडका निबंध तो," असं स्मरणिकेचं काम बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, तो मिळणार नाही, मी नवीन लेख लिहून देते. सोमवारी द्यायचाय. गेले चार दिवस तो लेख लिहितेय आणि लिहिता लिहिता तुमच्यावरचा राग असा काही उकळून वर येतोय की शेवटी लेख बाजूला सारला आणि हे सुरू केलं.

तुम्ही असतात तर पहिलं हेच विचारलं असतंत, "अजून शिकतेच आहेस?" हो बाई, शिकतेच आहे. एकतिसावं लागलंय, पीएच.डी.चं चौथं वर्ष आहे, दुपारी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि घरात लग्नाचा विषय निघाला की कुकर बघायला उठते. रोज पहाटे कात्रजच्या आमच्या फ्लॅटमध्ये, चहाचं आधण ठेवायच्या आधी, स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्यानंच एक पान लिहिते. एकच. पान फाडायचं नाही, खोडलेलं लपवायचं नाही आणि न पाहिलेलं काही त्यात घालायचं नाही. हा तिसरा नियम खास तुमच्यासाठी केलाय. वह्याही मीच बांधते. अब्बांच्या दुकानात उरलेले रेक्झिनचे तुकडे पुठ्ठ्यावर चढवते, त्यामुळे माझ्या सगळ्या वह्या टेम्पोच्या सीटसारख्या दिसतात, एक लालभडक, एक पोपटी. माझ्या गाईड म्हणतात, हा वेळ प्रबंधाला दे. मी म्हणते, मॅडम, वही बांधताना कुणी संदर्भसूची मागत नाही हो.

प्रबंध कशावर आहे ऐका. शाळांच्या हस्तलिखितांवर. मुलांचे निबंध, कविता सुवाच्य अक्षरात उतरवून, कडेला वेलबुट्टी काढून दरवर्षी एकच प्रत बांधायची, ती हस्तलिखितं. आपल्या शाळेतलं तुमचं सगळ्यात जिवाभावाचं काम. मी आता शाळाशाळांची कपाटं उघडून ती वाचत बसते, नाकातोंडात धूळ जाते, शिपाईमामा "झालं का?" म्हणून तीनदा डोकावतात. आणि 'माझं घर' असा मथळा दिसला की मी आधी तुळस शोधते. सापडतेच! चाळीतल्या मुलाच्या दारात तुळस, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या दारात तुळस, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याच्याही दारात तुळस. निबंधातल्या पुण्यात तुळशीवाचून कुणाला घरच मिळत नाही. मलाही नाही मिळालं.

आमचं घर तेव्हा मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला होतं. पुढे अब्बांचं ट्रक-टेम्पोच्या सीटा शिवायचं दुकान, मागे दोन खोल्या. मी लिहिलं होतं की अब्बा रेक्झिन चिकटवायला बसले की सोल्यूशनचा वास घरभर पसरतो, पाहुणे नाक दाबतात आणि आम्हा भावंडांना मात्र त्या वासाशिवाय भूक लागत नाही. तेरा वर्षांच्या मुलीनं लिहिलं होतं हे, बाई! आज माझ्या एखाद्या विद्यार्थिनीनं लिहिलं तर मी वर्गात नाचेन. मधली सुट्टी आहे, तुम्ही शिक्षकखोलीत दडपे पोह्यांचा डबा उघडून बसलाय, माझी कच्ची वही तुमच्या डाव्या हातात आहे. तुम्ही वाचता, हसता आणि म्हणता, "अक्षर मोत्यासारखं आणि विषय काय, तर डिंक! वासाचं कोण लिहितं गं निबंधात?" लाल पेन्सिलीनं ते सगळं उडवलंत. वर लिहिलंत, 'दारातल्या तुळशीपुढे सांजवात लागली की आमचं छोटंसं घर उजळून निघतं.' त्यापुढे आणखी एक वाक्य आलं, 'त्या वेळी आई इतकी शांत दिसते की तिला हाक मारू नये असं वाटतं.' ती दोन वाक्यं मी पक्क्या वहीत उतरवली, मग हस्तलिखितात उतरवली, मग आंतरशालेय स्पर्धेत स्टेजवर उभं राहून वाचली. परीक्षकांनी त्या दुसऱ्या वाक्याचं खास कौतुक केलं. बक्षीस पहिलं.

शांत! आमची अम्मी! ती पाच मिनिटं शांत बसली तर आम्ही डॉक्टरांना फोन करू. दुकानातल्या मशिनच्या वर आवाज चढवून बोलायची तिची सवय अजून गेलेली नाही, फ्लॅटमध्ये शेजारी भिंत ठोकतात. त्या दिवशी ती आली नव्हती, अब्बा आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या रांगेत. परत येताना स्वारगेटच्या सिग्नलला त्यांनी स्कूटर थांबवली. मग मान न वळवता म्हणाले, "बाई कधी घरी येऊन गेल्या का आपल्या?" मी नाही म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाले आणि गाडी पुढे काढली. घरी आल्यावर अम्मीला सगळं कळलं. मला वाटलं आता खैर नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर दारात सोल्यूशनच्या रिकाम्या डब्यात शेजारच्या काकूंकडून आणलेलं तुळशीचं रोप. अम्मी हात धूत म्हणाली, "बोल दिया ना सबके सामने? अब लगाना पडेंगा." लेक खोटी पडू नये म्हणून माझ्या आईनं तुळस लावली, बाई. रोज पाणी घालायची, आम्हाला खोकला झाला की काढ्यात पानं टाकायची, आणि त्या विषयावर मला पुन्हा एक अक्षर बोलली नाही. एरवी एवढी बोलणारी बाई!

आणि तुम्ही? ईदला आलात. उंबऱ्याशी थांबलात, डब्याकडे पाहिलंत आणि मला चिमटा काढून म्हणालात, "बघ, मी काही खोटं लिहिलं नव्हतं." मला त्या क्षणी तुमचा असा संताप आला होता की काय सांगू. मग आत येऊन शीरखुर्म्याच्या दोन वाट्या खाल्ल्यात, अम्मीनं तिसरी भरली तर तीही नाकारली नाहीत, अब्बांच्या मशिनवर बसून बघितलंत, आणि जाताना पिशवीतून तुमचा स्वतःचा शब्दकोश काढून माझ्या हातात ठेवलात. कडेला तुमच्या खुणा असलेला. तोच शब्दकोश आजही माझ्या टेबलावर आहे, त्यावरच मी एम.ए. केलं. म्हणजे तुमच्यावर धड रागावायचीही सोय ठेवली नाहीत. पण मी रागावणार आहे. तुमचं प्रेम मान्य, शब्दकोश मान्य, तीन वाट्याही मान्य. तरीही माझ्या घराचा वास पुसायचा तुम्हाला काही अधिकार नव्हता.

हेच मी लेखात लिहिलंय. कच्चा खर्डा स्मरणिकेच्या मॅडमना पाठवला तर लगेच फोन. "अगं, गेलेल्या माणसाबद्दल असं कुणी लिहितं का?" मी म्हटलं, "मॅडम, त्या होत्या तेव्हा बोलायची सोय नव्हती." त्या म्हणाल्या, "जरा गोड करून देतेस का?" मी म्हटलं, "गोड तुम्ही करा, मग खाली नावही तुमचंच घाला." मग म्हणाल्या, "बरं, पाठव. पण एक विचारू? बाईंनी खरंच तुला न विचारता ती दोन्ही वाक्यं घातली?" मी म्हटलं, "हो, खरंच." गेली कित्येक वर्षं मी हे असंच सांगत आलेय, मैत्रिणींना, गाईडना, वर्गात मुलामुलींना. सगळे हळहळतात. मलाही ते आता पाठ झालंय.

आज पहाटे ओट्याशी लेखाची शेवटची प्रत करायला घेतली. 'बाईंनी मला न विचारता ती दोन्ही वाक्यं घातली' इथवर आले आणि पेन चालेना. तिसरा नियम, दुसरं काय! लेख मी मागे घेणार नाही, बाई, तुमच्या फोटोसमोर तोच छापला जाणार, सोल्यूशनच्या वासासकट. लेखातलं ते एक वाक्य मात्र मी खोडलंय. कारण तुम्ही विचारलं होतंत. लाल पेन्सिल थांबवून, चष्म्यावरून बघत म्हणाला होतात, "चालेल ना गं तुला? नाहीतर राहू दे, तुझं घर आहे." आणि मी म्हटलं होतं, "चालेल बाई. पुढे मी अजून एक वाक्य घालू?" आईचं ते वाक्य माझं आहे. तुमच्या पेन्सिलीनं, तुमच्या टेबलावर वाकून मी लिहिलं होतं. तेव्हा मला तशी आई हवी होती, आणि ज्या आईनं तुळस लावली तिला हे मी अजून सांगितलेलं नाही.