दुसऱ्या गिअरचा आवाज

बाबा, आज गाडी अवधपुरीच्या मिस्त्रीकडे टाकून आले. न्यूट्रलमध्ये उभी असताना बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता आणि क्लच दाबला की थांबायचा, एवढंच. मिस्त्री हसला. "मैडम, इतनी सी आवाज़ पे कौन आता है? लोग तो टोचन करके लाते हैं." मी म्हटलं, भैया, तुम खोलो. तो खोलायला बसला आणि मी बाहेर स्टुलावर टेकून आतला प्रत्येक खणखणाट मोजत राहिले. या वयात, एका बेअरिंगच्या आवाजापायी! तुमच्याशी बोलल्याशिवाय हे थांबणार नाही असं वाटलं, म्हणून घरी येऊन लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलताना अजून शब्द जुळवावे लागतात.

कारखान्यात तुमच्या कानांचा केवढा दबदबा होता. मोठाल्या मोटरी बाहेरगावी रवाना होण्याआधी तुमच्या टेस्टिंगच्या शेडमध्ये फिरायच्या. तुम्ही लाकडी दांडक्याचं एक टोक मोटरीला लावायचात, दुसरं कानाला, डोळे मिटायचात आणि मान हलवली की ती मोटर पास. घरीसुद्धा तेच. नळाचा वायसर गेला, पंख्याला तेल हवं, सगळं तुम्हाला आमच्याआधी कळायचं. आपली ती जुनी पांढरी गाडी, स्टिअरिंगच्या बाजूला गिअरचा दांडा असलेली, मला शिकवायला काढलीत तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सोनागिरीच्या अंगाला कारखान्याच्या टाउनशिपचे रस्ते रविवारी सकाळी ओस असायचे. पहिल्या दोन रविवारी तुम्ही गाडी हलवूच दिली नाहीत, नुसतं ऐकायला लावलंत. गिअर टाकताना करकर झाली तर काय, पाय उचलल्यावर गिअर आपोआप सुटला तर काय, खाली जमिनीवर तेलाचा डाग दिसला तर काय. तेल काढलं आणि त्यात नुसती चमक दिसली तर घाबरायचं नाही, पण नखाला टोचेल असा तुकडा निघाला तर गाडी जागची हलवायची नाही. मला सगळं पाठ होतं. तुमची शाबासकी मिळवायला मी काय वाटेल ते पाठ केलं असतं.

म्हणून तिसऱ्या रविवारी मोठ्या ऐटीत म्हणाले, "बाबा, न्यूट्रलला आवाज येतोय. क्लच दाबला की जातो." तुम्ही कान दिलात. "कसला आवाज? काही नाही." मी म्हटलं, येतोय हो, नीट ऐका ना. शेजारचे फोरमन काका फाटकाशी उभे होते. त्यांच्यादेखत तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं कारखाना माझ्या कानांचा पगार देतोय. उद्यापासून माझ्या जागी तूच जा." काका खदखदून हसले, "अरे वाह, बिटिया तो इंजीनियर हो गई!" माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी किती हट्टी आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्यावरच गेले आहे. त्याच दिवशी ठरवलं, आता गाडीबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

आणि काढलं नाही, पुरा एक महिना. आवाज वाढत गेला. मग दुसरा गिअर टाकताना करकर सुरू झाली. मग ऍक्सिलेटरवरून पाय उचलला की दुसरा गिअर सुटायला लागला आणि तुम्ही दांडा डाव्या हातानं दाबून धरायला लागलात. मला शिकवलेलं सगळं तुमच्या तळहाताला कळत होतं, पण तुमचा भरवसा कानांवर. आईनं विचारलं तर म्हणालात, "अगं, दांड्याची कडी सैल झालीय. आवाज नाही ना, म्हणजे आतले गिअरचे दात शाबूत आहेत." मी मागच्या सीटवर बसून तो आवाज ऐकत होते आणि खिडकीबाहेर बघत होते. आई हल्ली तुम्हाला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगते, हेही तेव्हाच माझ्या लक्षात आलं. कारखान्यानं कानांचा पगार दिला होता आणि कान ठेवून घेतले होते. मला भीती वाटायला हवी होती. मला मात्र मनातून बरं वाटत होतं.

संक्रांतीला आपण नर्मदेवर स्नानाला निघालो. आई मागे, मी तुमच्या शेजारी. बुधनीचा घाट उतरतोय, पुढे पोत्यांनी भरलेला ट्रक. तुम्ही गाडी दुसऱ्या गिअरवर रोखून धरली आहे. वळणावर हॉर्न द्यायला तुम्ही दांड्यावरचा हात उचलता आणि खट्कन गिअर सुटतो. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसतो. कुणालाही कळावं इतका. तुमच्या चेहऱ्यावर काहीच नाही. गाडी मोकळी धावायला लागली आहे. "बाबा, गिअर सुटला!" मी ओरडते. तुम्ही समोरच बघताय. ट्रकच्या फळीवरची अक्षरं मोठी मोठी होत येतात. आई मागून "अहो, हळू ना!" म्हणते. शेवटी मी तुमचा दंड धरून गदागदा हलवते, तेव्हा कुठे तुम्ही ब्रेकवर उभे राहता, जळका वास येतो आणि तुम्ही गाडी डावीकडे डोंगराच्या चरात घालता. ट्रक पुढे निघून गेला, त्याला पत्ताही नाही. आईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटून फुटलं होतं.

आईच्या कपाळाला पदर बांधला आणि तुम्ही नव्या धोतरानिशीच गाडीखाली शिरलात. गिअरबॉक्सचा खालचा नट काढून तेल ओंजळीत घेतलंत. त्यात दाताचा तुकडा होता, नखाएवढा. तुम्ही त्याच्याकडे फार वेळ पाहिलं नाहीत. माझ्याकडे पाहिलंत. कधी विचारत नसायचात, इतकं हळू विचारलंत. "त्या रविवारी तू म्हणाली होतीस. त्यानंतर यायचा का गं आवाज?" तुम्ही गाडीबद्दल विचारत नव्हतात, हे मला कळलं होतं. तुम्हाला तुमच्या कानांचा निकाल हवा होता आणि तो देणारं दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "नाही. तेव्हा भास झाला असेल. आजच आला." तुमचा चेहरा सैल झाला. "मग बरोबर. दात एकदमच गेला म्हणायचा." आणि तेलकट हात माझ्या डोक्यावरून फिरवलात.

आठ महिन्यांनी शेडमध्ये एक मोटर फिरत असताना तुम्ही मान हलवून ती पास केलीत आणि तुमच्या हाताखालच्या माणसानं धावत जाऊन स्विच पाडला. कुणाला इजा झाली नाही. पण सगळी शेड बघत होती. तो बिचारा संध्याकाळी आपल्या दारात उभा राहून रडवेला सांगत होता, "साहब, वो तो चीख रही थी. आपको सच में सुनाई नहीं दिया?" मग कानांची तपासणी, मग बदली स्टोअरमध्ये, नटांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. रिटायर होईपर्यंत तेच. एकदा तुम्ही आईला म्हणालात, "घाटातच कळलं असतं तर मी आपण होऊन सांगितलं असतं. मान खाली घालून निघावं लागलं नसतं." मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

पुढे लग्न झालं, मुली झाल्या. घाटाची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. बाबांचं मन राखायला मी खोटं बोलले, असं सांगते, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. बाबा, ते तसं नव्हतं. आवाज यायचा म्हटलं असतं, तर तुम्ही पुढचं विचारलं असतं, मग महिनाभर बोलली का नाहीस? समोर आईच्या कपाळातून रक्त येत होतं आणि उत्तर मला माहीत होतं. तुमचा कान एकदा तरी चुकलेला मला बघायचा होता. मी तुम्हाला नाही, मला वाचवलं.

हे पाकिटात घालून कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. तुम्ही समोर बसून पुन्हा तसंच हळू विचारलं असतंत, तर मी पुन्हा तेच सांगितलं असतं.